पंपावरचे ९५ आणि २०: ऑक्टेन वेगळं, इथेनॉल वेगळं

"साधं टाकू की पॉवर?" असं पंपावर विचारलं की हल्ली बरेच जण ‘पॉवर’, म्हणजे ९५ ऑक्टेनचं महागडं ब्रँडेड पेट्रोल, सांगतात. कारण विचारलं तर उत्तर येतं, "साध्यात इथेनॉल असतं ना, गाडी खराब होते." लिटरमागे काही रुपये जास्त मोजून इथेनॉल टळलं असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात त्यांनी ऑक्टेन विकत घेतलेलं असतं. ९५ हा आकडा ऑक्टेनचा आणि ई-२० मधला २० इथेनॉलच्या टक्क्यांचा. एकावरून दुसरा ओळखता येत नाही, आणि ब्रँडेड ९५ पेट्रोलमध्येही इथेनॉल मिसळलेलं असतंच.

आधी ऑक्टेन. सिलिंडरमध्ये पिस्टन हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबतो, मग स्पार्क प्लगची ठिणगी पडते आणि ज्योत एका बाजूने पसरत जाते. दाब आणि उष्णता फार वाढली, तर ज्योत पोचायच्या आधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेट घेतं. यालाच नॉकिंग म्हणतात. भरलेली गाडी खंबाटकीच्या चढावर वरच्या गिअरमध्ये रेटली की इंजिनातून जी बारीक धातूची टकटक ऐकू येते, ती बहुधा हीच. असं अकाली पेटण्याला पेट्रोल किती दाद देत नाही, ते सांगणारा आकडा म्हणजे ऑक्टेन. पेट्रोलमध्ये ऊर्जा किती आहे, ते किती स्वच्छ आहे, त्यात काय मिसळलंय, यातलं काहीच तो सांगत नाही.

म्हणून ज्या इंजिनाला ९१ ऑक्टेन पुरतं, त्यात ९७ किंवा १०० घालून ताकद वाढत नाही. आपल्याकडच्या बहुतेक घरगुती हॅचबॅक गाड्या अशाच आहेत. टर्बो पेट्रोल इंजिनांचं मात्र वेगळं आहे. तिथे दाब जास्त असतो, आणि नॉकिंगची चाहूल लागली की नॉक सेन्सरच्या इशाऱ्यावरून इंजिनाचा संगणक ठिणगीची वेळ मागे ढकलतो. इंजिन वाचतं, पण थोडी ताकद आणि थोडं मायलेज जातं. अशा गाडीच्या पुस्तिकेत साध्या पेट्रोलपेक्षा जास्त ऑक्टेनची शिफारस असेल, तर ते पैसे सार्थकी लागतात. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणामागचं स्टिकर आणि पुस्तिकेतलं इंधनाचं पान, ही दोन ठिकाणं वाचायला पाच मिनिटं लागतात. ती वाचल्याशिवाय पॉवर की साधं हा वाद घालूच नये.

अमेरिकेतले नातेवाईक "आम्ही ८७ टाकतो" म्हणाले, तर ते हलकं पेट्रोल वापरतात असं समजू नका. तिथे पंपावर मोजण्याची पद्धत वेगळी आहे. त्यांचं ८७ आपल्या पद्धतीने साधारण ९१-९२ भरतं.

आता इथेनॉल. उसाच्या मळीपासून, उसाच्या रसापासून, मक्यापासून आणि तांदळापासून केलेलं हे अल्कोहोल. कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगरच्या साखर पट्ट्यातल्या लोकांना कारखान्याशेजारची डिस्टिलरी नवी नाही. ई-२० म्हणजे शंभर लिटरमध्ये वीस लिटर इथेनॉल, म्हणजे ३५ लिटरच्या टाकीत सात लिटर. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, तर इथेनॉलमध्ये साधारण २१. हिशेब केला तर ई-२० मध्ये लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी निघते. प्रत्यक्ष मायलेज किती घटेल, ते इंजिन कशासाठी बनलंय यावर ठरतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉल मिश्रणाच्या आराखड्यात बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या मोटारींना सहा-सात टक्के घट सांगितली होती, तर ई-१० साठी घडवून ई-२० ला जुळवलेल्यांना एक-दोन टक्के.

घोटाळा होतो तो पुढच्या गोष्टीमुळे. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन १०० च्या बरंच वर, साधारण १०८ आहे. त्यामुळे ते मिसळलं की पेट्रोलचं ऑक्टेन वाढतं आणि ऊर्जा घटते, दोन्ही एकाच वेळी. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या स्पष्टीकरणानुसार ई-२० मुळे साध्या पेट्रोलचं ऑक्टेनही आता ९५ वर गेलं आहे. म्हणजे इथेनॉल टाळायला आपण ज्या ९५ साठी जादा पैसे देतो, तो आकडा साध्या पेट्रोलला इथेनॉलनेच मिळवून दिलाय. तरीही एका आकड्यावरून दुसरा ठरत नाही, हे जर्मनीत पंपावरच दिसतं. तिथे ‘सुपर ई-५’ आणि ‘सुपर ई-१०’ शेजारी शेजारी मिळतात. ऑक्टेन दोन्हींचं ९५, इथेनॉल मात्र वेगवेगळं.

गाडीच्या देखभालीशी संबंध इथेनॉलचा जास्त, ऑक्टेनचा कमी. भारतात एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे भाग ई-२० ला टिकतील अशा साहित्याचे असणं अपेक्षित आहे. प्रश्न त्याआधीच्या गाड्यांचा आहे, आणि अजूनही रस्त्यावर त्याच फार आहेत. इथेनॉलने काही प्रकारचं जुनं रबर फुगतं, कडक होतं किंवा चिरतं. पेट्रोलच्या नळ्या, ओ-रिंग आणि गॅस्केट हे तपासण्याचे भाग. मंत्रालयानेही जुन्या काही गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर असे रबरी भाग बदलावे लागू शकतील असं म्हटलंय. सर्व्हिसिंगला गाडी देताना "पेट्रोलच्या नळ्या आणि जोड बघा, कुठे ओल किंवा चिरा आहेत का" असं वेगळं सांगावं लागतं, कारण नेहमीच्या सर्व्हिसिंगच्या यादीत त्यावर घाईने टिकमार्क पडतो. गाडीत पेट्रोलचा वास येत असेल, तर पुढच्या सर्व्हिसिंगची वाट बघू नका. तो धोका आहे.

दुसरं म्हणजे फिल्टर. इथेनॉल चांगलं विद्रावक आहे. वर्षानुवर्षं टाकीत बसलेला चिकट थर ते सोडवतं आणि तो फिल्टरकडे जातो. चढावर दम लागल्यासारखी गाडी अडखळली, तर महागाच्या पेट्रोलआधी फिल्टर तपासा. बऱ्याच नव्या गाड्यांत तो टाकीतल्या पंपाबरोबरच असतो, तेव्हा काम थोडं मोठं होतं.

तिसरं म्हणजे पाणी. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. थोडं पाणी ते पोटात सामावून घेतं, पण मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. पंप पेट्रोल ओढतो तेही तळातूनच. कोकणात किंवा मुंबईत पावसाळाभर जवळजवळ रिकाम्या टाकीने गाडी उभी ठेवणं म्हणूनच बरं नाही. टाकी भरलेली असली की आत दमट हवेला जागा कमी राहते. झाकणाचं रबर सुकलं असेल तर तेही बदला.

ब्रँडेड पेट्रोलमध्ये ऑक्टेनबरोबर सफाईची रसायनंही असतात, ही तिसरी वेगळी गोष्ट. साध्या इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल इनटेक वाल्व्हच्या मागे फवारलं जातं, म्हणून ती इंजेक्टर आणि इनटेक वाल्व्ह स्वच्छ ठेवायला मदत करू शकतात. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात मात्र पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडतं, वाल्व्हच्या मागच्या बाजूला लागतच नाही. तिथला काजळीचा थर कुठल्याही पेट्रोलने धुतला जात नाही.

ग्राहकाची तक्रार खोटी आहे असं मी मुळीच म्हणत नाही. नीती आयोगाच्याच आराखड्यात जुन्या गाड्यांसाठी ई-१० उपलब्ध राहावं आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोल ग्राहकाला स्वस्त मिळावं, असं सुचवलं होतं. पुढे इथेनॉलचा खरेदी दरच वर गेला आणि स्वस्ताईची गोष्ट मागे पडली. जुन्या गाडीवाल्याला पंपावर निवड हवी, ही मागणी रास्त आहे, आणि ती सरकारकडे नेटाने करायला हवी. ‘पॉवर’ची नळी निवडून ती पुरी होत नाही. त्या जादा पैशांत वर्षभरात एअर फिल्टर, स्पार्क प्लगची तपासणी आणि रबरी नळ्यांचा खर्च बराचसा निघेल. टायरमधली हवा दर पंधरवड्याला तपासलीत, तर मायलेजमधली थोडी तूटही भरून येईल.

सेकंडहँड गाडी घेणार असाल, तर फक्त नोंदणीचं वर्ष पाहू नका, उत्पादनाचा महिना आणि वर्षही पाहा. मार्च २०२३ मध्ये तयार झालेली गाडी त्या वर्षाच्या जूनमध्येही नोंदवली गेलेली असू शकते. त्या मॉडेलला ई-२० चालतं का, हे कंपनीच्या पुस्तिकेतून किंवा सर्व्हिस सेंटरमधून लेखी विचारून घ्या, आणि नसेल तर रबरी भाग बदलण्याचा खर्च किमतीतून वळता करायला सांगा.