कर्करोगातील तीव्र वेदनेचे शमन

कर्करोग पसरल्यावर होणारी तीव्र वेदना आटोक्यात ठेवण्याची उपचारपद्धती. पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेचा, गाभा. सोलापूर जिल्ह्यात बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाचे नाव सर्वपरिचित आहे. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987 मध्ये बार्शीतच सुरू झाली. मिश्री-गुटख्याने होणारा तोंडाचा कर्करोग आणि बायकांमधला गर्भाशयमुखाचा कर्करोग या भागात जुना आहे; दुखणे अंगावर काढत उशिरा येणारे रुग्णही तितकेच.

वेदना मोजण्याचे यंत्र नाही. रुग्ण सांगेल तीच वेदना धरून 0 ते 10 मध्ये आकडा विचारतात. सोलापुरात हा प्रश्न मराठीइतकाच कानडी-तेलुगूतही विचारावा लागतो. ठणका कुठे, रात्री वाढतो का, आग होते की मुंग्या येतात, यावर औषध ठरते. आग आणि चमका नस दबल्याच्या खुणा. तिथे अमिट्रिप्टिलिन किंवा गॅबापेंटिनची जोड देतात. हाडात गाठ पसरली असेल तर किरणोपचाराच्या एकाच मात्रेने बऱ्याच जणांना आराम पडतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 1986 मध्ये औषधांची तीन पायऱ्यांची शिडी मांडली: पॅरासिटामॉल, मग कोडीनसारखी सौम्य औषधे, शेवटी मॉर्फीन, म्हणजे अफूपासूनचे तीव्र वेदनाशामक. तीव्र वेदनेत थेट मॉर्फीनपासूनही सुरुवात करतात. मॉर्फीनची साधी गोळी दर चार तासांनी, घड्याळ लावून द्यायची. दुखायला लागल्यावर द्यायची ही घरोघरची चूक. तोवर कळ वर चढलेली असते. झोपमोड नको म्हणून रात्रीची मात्रा दुप्पट करण्याची पद्धत आहे. मधेच कळ उसळली तर दिवसभराच्या एकूण मात्रेचा साधारण सहावा भाग जादा देतात. मळमळ काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठ मात्र जात नाही, म्हणून रेचक पहिल्या दिवसापासून हवे. मूत्रपिंड कमजोर असल्यास मात्रा जपून ठरवतात.

‘सवय लागेल’, ‘मॉर्फीन म्हणजे शेवट आला’ या धास्तीने नातेवाईक गोळ्या कपाटात ठेवतात. वेदनेसाठी देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फीनने व्यसन लागणे विरळा. कायद्याचा जाचही मोठा होता. अमली पदार्थविरोधी कायदा 1985 चा. 2014 च्या दुरुस्तीने अत्यावश्यक अमली औषधांसाठी देशभर एकसारखे नियम आले आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांना वेगवेगळ्या परवान्यांऐवजी एकच मान्यता पुरू लागली.