अ‍ॅक्सिलरेटर पॅडलचे रिकॉल: नियम कुठून आला आणि बसपर्यंत किती पोचला

जुन्या डिझेल बसमध्ये पॅडलपासून इंजिनाच्या पंपापर्यंत सळई किंवा केबल जायची. पंपावर लिव्हर, लिव्हरला स्प्रिंग. पाय काढला की स्प्रिंग लिव्हर मागे ओढायची आणि इंजिन आयडलवर, म्हणजे जागच्या जागी सर्वात मंद गतीवर यायचं. केबल गंजली, स्प्रिंग ढिली झाली किंवा पॅडलच्या बुडाशी चिखल साचला की रेस (अ‍ॅक्सिलरेटर) अडकायची. मग ड्रायव्हर बुटाचं टोक पॅडलखाली घालून ते वर उचलायचा आणि पुढच्या थांब्यावर मिस्त्री त्या स्प्रिंगच्या जोडीला जुन्या ट्यूबची पट्टी बांधून द्यायचा. इंदूरच्या सरवटे आणि गंगवाल स्टँडांवर ज्यांची हयात गेली त्यांना हे नवीन नाही. यात बस बनवणाऱ्या कंपनीचा काही संबंध असतो, असं कुणाच्या मनातही यायचं नाही.

तो संबंध आधी अमेरिकेत जोडला गेला. १९६६ साली तिथं वाहन सुरक्षेचा कायदा झाला आणि दोष कळवणं कंपन्यांवर बंधनकारक झालं. डिसेंबर १९७१ मध्ये जनरल मोटर्सनं शेवरलेच्या सुमारे ६७ लाख गाड्या दोष दुरुस्त करून द्यायला परत मागवल्या; यालाच रिकॉल म्हणतात. त्यात पॅडल चांगलंच होतं. इंजिन ज्या रबरी माउंटवर बसतं तो तुटला की इंजिन एका बाजूनं उचललं जायचं आणि त्याबरोबर थ्रॉटल (इंजिनाला रेस देणारी झडप) ओढला जायचा. इलाज काय, तर इंजिन वर उठू नये म्हणून एक तार बांधून दिली. त्या पाठोपाठ १९७३ पासून अ‍ॅक्सिलरेटरसाठी वेगळं मानक लागू झालं: थ्रॉटल मागे आणायला किमान दोन स्वतंत्र स्प्रिंगा हव्यात, म्हणजे एक तुटली तरी दुसरी काम करेल. पाय काढल्यावर लहान गाडीत एका सेकंदात आणि बस-ट्रकसारख्या जड गाडीत दोन सेकंदांत इंजिन आयडलवर यायला हवं. आपल्याकडची ट्यूबची पट्टी त्याच विचारातून बांधलेली. फरक एवढाच, की ती बांधायची वेळ एक स्प्रिंग गेल्यावर यायची.

पुढे केबलच गेली. इलेक्ट्रॉनिक पॅडलमध्ये पाय फक्त एक सेन्सर हलवतो. बहुतेक पॅडलना सहा तारा असतात, कारण आत दोन सेन्सर असतात आणि प्रत्येकाला तीन तारा लागतात. अनेक पॅडलांत एकाचा व्होल्टेज दुसऱ्याच्या दुप्पट ठेवतात. कंप्युटर दोन्ही सतत ताडून पाहतो आणि हिशेब जुळला नाही तर इंजिनाची ताकद कमी करून गाडी जेमतेम चालेल एवढंच बळ देतो. जे काम दोन स्प्रिंगा करायच्या ते आता दोन सेन्सर करतात. पण पॅडल स्वतःच खाली अडकलं तर? तेव्हा दोन्ही सेन्सर प्रामाणिकपणे एकच सांगतात, की पाय खाली आहे.

नेमकं हेच २०१० मध्ये टोयोटाच्या बाबतीत घडलं. ही गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण आज पॅडलचा कुठलाही रिकॉल निघाला की चौकशी याच वळणानं जाते. केबल नसलेलं पॅडल पायाला फार हलकं लागतं. लोकांना सवय केबलच्या घर्षणाची. म्हणून पॅडलच्या आत मुद्दाम घर्षण निर्माण करणारा प्लॅस्टिकचा एक भाग बसवला होता. झीज आणि दमटपणा यामुळे तोच भाग चिकटू लागला. पॅडल हळू परत यायचं किंवा अर्ध्यावर थांबायचं. म्हणजे ज्या घर्षणाची गरजच उरली नव्हती ते सवयीखातर परत आणलं, आणि तेच नडलं. २१ जानेवारी २०१० ला अमेरिकेत सुमारे २३ लाख गाड्यांचा रिकॉल जाहीर झाला, पाच दिवसांनी आठ मॉडेलची विक्रीही थांबवली. दुरुस्ती म्हणाल तर स्टीलची एक छोटी पट्टी त्या फटीत सरकवायची, बस्स. त्याआधी ऑगस्ट २००९ मध्ये सॅन दिएगोजवळ एकाच गाडीतले चार जण मेले होते; तिथं पॅडल पायपुसणीत अडकलं होतं. इलेक्ट्रॉनिक्सवर संशय होता म्हणून नासाच्या अभियंत्यांनाही बोलावलं, फेब्रुवारी २०११ च्या अहवालात तसा दोष सापडला नाही. ग्राहकांची दिशाभूल केल्याच्या आरोपावरून मात्र मार्च २०१४ मध्ये कंपनीनं १२० कोटी डॉलर मोजायचं मान्य केलं.

दुसरी बाजूही आहे. १९८६ च्या सुमारास अमेरिकेत ऑडीच्या गाड्या आपोआप पळतात म्हणून मोठा गाजावाजा झाला. १९८९ चा सरकारी निष्कर्ष असा निघाला, की बहुतेक वेळा ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर पाय पडला होता. आपल्याकडे ९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली, किमान सात जीव गेले, तेव्हाही चर्चा लवकरच चालकाच्या प्रशिक्षणाकडे वळली. क्लच असलेल्या बसवर हात बसलेल्या माणसाचा डावा पाय संकटात क्लच शोधतो आणि इलेक्ट्रिक बसमध्ये तो नसतोच. हे खरं असू शकतं. पण ‘ड्रायव्हरची चूक’ हे उत्तर सगळ्यांना सोयीचं असतं, म्हणून ते शेवटी यावं, आधी नको.

भारतात जुलै २०१२ पासून वाहन उत्पादकांच्या संघटनेनं स्वेच्छेनं रिकॉल करायची आचारसंहिता आणली. सक्ती आली ती २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यातल्या कलम ११०-अ मुळे, आणि प्रत्यक्षात १ एप्रिल २०२१ पासून. सरकारनं रिकॉलचा आदेश दिला तर १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंड. कंपनीनं आपणहून मागवल्या तर दंड नाही. बस आणि ट्रकसाठी वार्षिक विक्रीच्या तीन टक्के तक्रारी आल्या की कंपनीला नोटीस जाते.

नियम वाचताना दोन गोष्टी खटकतात. तक्रार मालकानं करायची आहे. आणि गाडी सात वर्षांच्या आतली हवी.

इंदुरात बसचा मालक कोण, हे सांगणंच सोपं नाही. मध्य प्रदेशचं राज्य परिवहन महामंडळ २००५ मध्ये गुंडाळायचं ठरलं, त्यामुळे महाराष्ट्रातल्या एसटीसारखा एकच मोठा मालक इथं राहिला नाही. शहरात त्याच वर्षी सिटी बससाठी वेगळी कंपनी स्थापन झाली, पण गाड्या चालवणारे खासगी ठेकेदार. पुण्याला जाणारी स्लीपर तर अगदी वेगळंच प्रकरण: चासी एका कंपनीची, बॉडी दुसऱ्याची, कर्ज फायनान्सवाल्याचं, परमिट एकाच्या नावावर आणि गाडी चालवणारा पगारी. तीन-चार वर्षांत ती विकली जाते. कंपनीचं पत्र ज्या पत्त्यावर जातं तो बहुधा पहिल्या मालकाचा. रेस चिकटते आहे हे ज्याच्या पायाला कळतं, त्या ड्रायव्हरचं नाव या साखळीत कुठंच नाही. मानपूरचा उतार किंवा सेंधव्याचा बिजासन घाट उतरताना त्याला जे जाणवतं ते फार तर गाडीच्या डायरीत लिहिलं जातं, तक्रार पोर्टलवर नाही. सात वर्षांचं म्हणाल, तर एवढ्या वयाची बस इथं म्हातारी समजतच नाहीत.

त्यात स्पीड गव्हर्नरची भर. २०१५ च्या अधिसूचनेनं व्यावसायिक वाहनांना वेगमर्यादक बंधनकारक केले. ५ जानेवारी २०१८ ला इंदूरच्या बायपासवर शाळेची बस दुभाजक ओलांडून ट्रकवर आदळली, चार मुलं आणि चालक दगावले, तेव्हा शहरात घराघरांत या यंत्राचं नाव पोचलं. इलेक्ट्रॉनिक पॅडलच्या गाडीत बाहेरून बसवलेला गव्हर्नर बहुधा पॅडल आणि कंप्युटर यांच्यामधल्याच तारांना जोडतात. जोड कच्चा असला, नुसती टेप गुंडाळलेली असली, की पॅडल बनवणारा गव्हर्नरवाल्याकडे बोट दाखवतो आणि तो वायरमनकडे. दोष पॅडलचा की जोडाचा, हे उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. अपघातानंतर उघडून पाहणं म्हणजे बऱ्याचदा जळालेली वायर पाहणं.

जर्मनीत वाहन खातं कंपनीला नोंदणीतून चालू मालकाचे पत्ते देतं, आणि गंभीर रिकॉलची दुरुस्ती करून न घेतल्यास गाडीची नोंदणी थांबवू शकतं. आपल्याकडे व्यावसायिक गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेससाठी जावंच लागतं. चासी नंबर तिथं तपासला जातोच. त्याच वेळी त्या नंबरावर रिकॉल बाकी आहे का हे पाहायला फार तर दोन मिनिटं लागतील. इंदूरपासून तासाभरावर पिथमपूरला नॅट्रॅक्स या सरकारी वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा चाचणी ट्रॅक आहे, त्याच पट्ट्यात बसही बनतात. तपासायची सोय नाही असं निदान इथं म्हणता येणार नाही.

तोवर ड्रायव्हरसाठी एवढंच: रेस अडकली तर ब्रेक एकदाच पूर्ण दाबून धरायचा, पुन्हा पुन्हा मारायचा नाही, कारण एअर ब्रेकची हवा संपते. क्लच असेल तर तो दाबून गाडी न्यूट्रलला टाकायची. इंजिन बंद करायचं ते गाडी थांबल्यावर. आधी केलं तर पॉवर स्टीअरिंग जड होतं.