कोंबड्यांसाठी छऱ्याची बंदूक?

"छऱ्याच्या बंदुकीला परवाना लागत नाही, म्हणजे कोंबड्या खाणारं मुंगूस त्याने मारलं तरी चालतं." हा मेसेज नाशिकजवळच्या मखमलाबाद, गिरणाऱ्याकडच्या मळ्यांत वर्षानुवर्षं फिरतोय.

पहिलं अर्धं वाक्य बरंचसं खरं आहे, म्हणून बाकीचंही पटतं. ०.१७७ इंचापर्यंत नळीचा व्यास आणि २० ज्यूलपर्यंत जोर असलेल्या एअरगनला, म्हणजे छऱ्याच्या बंदुकीला, परवान्यातून सूट आहे. पण ती सूट हत्यार बाळगण्याची. जनावराचा प्रश्न वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चा. त्यात मुंगूस संरक्षित आहे, आणि बिबट्या तर आहेच. जखमी करणं, सापळा लावणं, नुसता प्रयत्न करणं, सगळं 'शिकार'मध्येच मोडतं. खात्री करायची तर कायद्याच्या कलम २ मधली 'शिकार'ची व्याख्या आणि मागची अनुसूची वाचा.

शिवाय चोर कोण, हे आधी कळायला हवं. रात्री खुराड्याभोवती चाळलेली राख पसरा. सकाळी चार बोटांचा गोल, नखं न उमटलेला ठसा दिसला तर मांजर. पाच बोटं आणि नखांच्या खुणा असतील तर बहुधा मुंगूस. कुत्र्याचीही चारच, पण नखं उमटतात.

षटकोनी जाळी कुत्रं फाडतं. अर्ध्या इंची भोकांची वेल्डमेश (वेल्ड केलेली चौकोनी तारेची जाळी) लावा, फूटभर जमिनीत गाडून.