दुर्मीळ कुरवाची ओळख

कुरव (कुल लॅरिडी) हे पाणपक्षी समुद्रकिनाऱ्यांप्रमाणेच अंतर्भागातील मोठ्या तलावांवरही उतरतात. नेहमीच्या थव्यात मिसळलेला अपरिचित कुरव हेरून त्याची जाती ठरवणे हा पक्षिनिरीक्षणातील अवघड भाग समजला जातो. पिसारा राखाडी, पांढरा आणि काळा एवढ्यातच आटोपतो. शिवाय तो वयाप्रमाणे बदलतो. लहान कुरवांना प्रौढ पिसारा यायला साधारण दोन, मध्यम कुरवांना तीन, तर मोठ्यांना चार वर्षे लागतात. त्यामुळे ‘वेगळा दिसणारा’ पक्षी बहुधा नेहमीच्याच जातीचे पिल्लू निघतो.

निरीक्षणाला संध्याकाळ सोयीची, कारण दिवसभर पांगलेले थवे रातथाऱ्यासाठी तलावावर गोळा होतात. मात्र तिरप्या उन्हात पाठीचा राखाडी रंग फसवतो आणि चिखलाने माखलेल्या पायांचा रंग कळत नाही. काठावरचे कुरव बहुधा वाऱ्याकडे तोंड करून उभे असतात, म्हणून शेजारच्या पक्ष्याशी उंची, चोचीची जाडी व पाठीची छटा ताडून पाहता येते. निर्णायक पुरावा बहुतेक वेळा पंखाच्या टोकाशी असतो. तेथील काळ्या पिसांवरील पांढऱ्या ठिपक्यांना ‘आरसे’ म्हणतात. मिटलेल्या पंखावर ते नीट दिसत नाहीत. पक्षी पंख ताणेपर्यंत दुर्बीण रोखून थांबावे लागते.

ओळखीचा प्रश्न किती चिघळू शकतो, हे अवशिष्ट कुरवाच्या (इक्थिएटस रेलिक्टस) इतिहासावरून दिसते. १९२९ मध्ये गोबी वाळवंटाच्या प्रदेशात मिळालेल्या नमुन्यावरून स्वीडिश प्राणिशास्त्रज्ञ आयनार लोनबर्ग यांनी १९३१ मध्ये त्याचे वर्णन केले, तेही भूमध्य कुरवाची उपजाती म्हणून. लॅटिन ‘रेलिक्टस’ म्हणजे मागे उरलेला. पुढे हा पल्लास कुरव आणि तपकिरी डोक्याचा कुरव यांचा संकर असावा, असेही मत मांडले गेले. हाती जेमतेम पुरावा असताना ही शंका अगदीच गैरवाजवी नव्हती. १९६०च्या दशकाच्या अखेरीस कझाकस्तानातील आलाकोल सरोवरावर त्याची वीण-वसाहत आढळली. संकर पक्षी वसाहत करून एकसारखी पिल्ले वाढवत नाहीत. त्यामुळे स्वतंत्र जातीचे मत बळावले व आज तेच मान्य आहे. प्रजातीबद्दल, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाबद्दल, मात्र एकवाक्यता उशिरा झाली. पूर्वी बहुतेक कुरव लॅरस या एकाच प्रजातीत घालत. डीएनए-अभ्यासांनंतर इक्थिएटस वेगळी काढली गेली आणि तीच विभागणी अधिक पटणारी आहे.

या पक्ष्याची लांबी सुमारे ४५ सेंमी. असते. विणीच्या पिसाऱ्यात डोके काळे, कपाळाकडे किंचित तपकिरी, तर डोळ्याच्या वर व खाली रुंद पांढऱ्या कोरी असतात. चोच व पाय गडद लाल असतात. भूमध्य कुरवाच्या प्रौढाच्या पंखाची टोके पांढरी असतात, याची मात्र काळी. तपकिरी डोक्याच्या कुरवाची बुबुळे फिकी, याची गडद. पल्लास कुरव बराच मोठा असून त्याची चोच पिवळी असते. हिवाळ्यात काळे डोके जाते, मानेवर ठिपके उरतात. कानामागचा गडद डाग, जो बऱ्याच छोट्या कुरवांत ठळक असतो, येथे बहुधा नसतो.

अवशिष्ट कुरव मध्य व पूर्व आशियातील खाऱ्या सरोवरांतील बेटांवर घरटी करतो आणि हिवाळ्यात मुख्यतः बोहाय उपसागर व कोरियाच्या किनाऱ्यावरील चिखलपट्ट्यांकडे जातो. सरोवराचे पाणी आटले की बेट काठाला जोडले जाते, शिकारी प्राणी चालत आत येतात. पाणी चढले तर घरटी बुडतात. त्यामुळे वसाहत एका सरोवरावर टिकून राहत नाही, ती जागा बदलते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या जातीची नोंद असुरक्षित वर्गात केली आहे.