अंगावरचं 'पित्त' पोटातलं नसतं हो!
नेरूळला आमच्या सोसायटीत कुणाच्या अंगावर गांधी उठल्या की सुरूच, आमसुलाचं पाणी चोळा, रक्त खराब झालंय, पित्त वाढलंय. आमसुलाने गार वाटत असेल, पण पोटातल्या पित्ताचा इथे संबंध नाही. त्वचेतल्या मास्ट पेशी (शरीराच्या संरक्षणातल्या पेशी) हिस्टामिन नावाचं खाज-सूज आणणारं रसायन सोडतात म्हणून गांधी येतात, आणि हे ६ आठवड्यांच्या वर चाललं तर बऱ्याच जणांत आपलीच प्रतिकारशक्ती त्या पेशींना डिवचत असते. म्हणून डॉक्टर रक्तात एकूण आयजीई (ॲलर्जीशी जोडलेलं प्रतिपिंड) आणि थायरॉइडवाली अँटी-टीपीओ (स्वतःच्याच थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडं) बघतात, पहिलं कमी नि दुसरी जास्त असेल तर या ऑटोइम्यून, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती उलटलेल्या, प्रकाराचा संशय बळावतो. आमच्या वहिनीने आयजीई जास्त आलं म्हणून वांगं, अंडं सगळं सोडलं, गांधी तशाच! नुसत्या त्या आकड्यावरून वांग्याची ॲलर्जी ठरत नाही.