टनामागच्या कपातीपासून सीएसआरपर्यंत: उद्योगांचा पैसा, शाळा आणि डिजिटल दरी

२०२२-२३ या आर्थिक वर्षात देशातल्या कंपन्यांनी सीएसआरखाली, म्हणजे कायद्याने ठरवून दिलेल्या सामाजिक जबाबदारीखाली, जवळपास ३० हजार कोटी रुपये खर्च केले. त्यातला सुमारे एक तृतीयांश पैसा शिक्षणावर गेला. राज्यवार यादीत महाराष्ट्र वर्षानुवर्षं सर्वांत वर आहे. तरीही २०२३-२४ च्या यूडायस, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती-नोंदींनुसार देशभरात चालू संगणक होता तो सुमारे ५७ टक्के शाळांत, आणि इंटरनेट होतं सुमारे ५४ टक्के शाळांत. पैसा कमी पडतो म्हणून असं होतं, हे उत्तर मला अर्धवट वाटतं. तो कुणाकडून येतो, कशावर खर्च होतो आणि किती वर्षं येत राहतो, हे तपासलं की ही डिजिटल दरी, म्हणजे संगणक-इंटरनेट मिळणाऱ्या आणि न मिळणाऱ्या मुलांमधलं अंतर, का बुजत नाही ते जास्त स्पष्ट दिसतं. त्यासाठी बरंच मागे जावं लागतं.

जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांकरता निधी उभारला. पोलादाचा कारखाना त्यानंतर कितीतरी वर्षांनी आला. पुढे राष्ट्रपती झालेले के. आर. नारायणन आणि आपले जयंत नारळीकर, दोघेही याच टाटा शिष्यवृत्तीवर परदेशी शिकले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर कारखाना काढला, तेव्हा त्याच्याभोवती वसाहत उभी राहिली आणि वसाहतीबरोबर मुलांची शाळाही आली. १९२० मध्ये तिथूनच ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागलं आणि नवं ज्ञान मराठीतून घरोघर गेलं. वर्ध्यात जमनालाल बजाजांनी शिक्षण मंडळाला बळ दिलं, आणि गांधीजींची नई तालीमची, म्हणजे हातच्या कामातून शिक्षणाची, कल्पना पुढे आली ती १९३७ ची शिक्षण परिषदही वर्ध्यातच भरली. या सगळ्यात मालकाची मर्जी होती आणि मर्जीवर चालणाऱ्या गोष्टींच्या मर्यादाही होत्या. पण देणारा त्याच गावात किंवा त्याच संस्थेत पुढची कित्येक वर्षं राहणार होता. शाळेचं छप्पर गळलं तर ते त्याला दिसणार होतं.

महाराष्ट्रात याच्या जोडीला दुसरा एक प्रवाह होता आणि माझ्या मते तो जास्त महत्त्वाचा आहे. कर्मवीर भाऊराव पाटील एके काळी किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरले. १९१९ मध्ये त्यांनी कराडजवळच्या काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली. ती वाढली लोकांच्या मूठमूठ धान्यावर आणि ‘कमवा आणि शिका’वर. स्वातंत्र्यानंतर सहकारी साखर कारखाने आले. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी जी वाट घातली, तिच्यावरून पुढे कितीतरी कारखाने गेले, आणि बहुतेक ठिकाणी कारखान्यापाठोपाठ शाळा, वसतिगृह, कॉलेज उभं राहिलं. पैसा यायचा उसाच्या बिलातून, टनामागे काही रक्कम कापून. शेतकऱ्याला विचारून कापायचे की न विचारता, यावर वाद झाले. पुढे त्यातल्या काही संस्था राजकीय घराण्यांच्या जहागिरी झाल्या, हेही खरं. पण कपात दर हंगामाला होत होती. शिक्षकाचा पगार किंवा प्रयोगशाळेचा वर्षाचा खर्च धरून चालता येत होता.

डिजिटल दरी बुजवायचा या भागातला पहिला मोठा प्रयोग साखर कारखान्याच्याच अंगणात झाला, हा योगायोग नाही. १९९८ मध्ये केंद्र सरकारच्या पुढाकाराने कोल्हापूर-सांगलीतल्या वारणा खोऱ्यात ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. सुमारे ७० गावं, गावोगाव संगणक केंद्रं, आणि त्यांची जोडणी तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणा साखर कारखान्याशी. पीकसल्ला, बाजारभाव, सरकारी दाखले, मुलांचं शिक्षण, सगळं त्या एका पेटीतून मिळेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात लोक केंद्रावर यायचे ते मुख्यतः उसाचं वजन, तोडीची तारीख आणि बिलाची माहिती घ्यायला. काही वर्षांनी संगणक जुने झाले, दुरुस्ती महाग पडू लागली. २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलवरच्या एसएमएसने तीच माहिती देऊन पाहिली. काम चाललं आणि खर्चही कमी आला. काही जण याला वारणेचं अपयश म्हणतात, मला ते पटत नाही. लोकांना जी माहिती रोज लागते ती हाताशी आली की लोक यंत्र शिकतात, एवढं वारणेने १९९८ नंतरच्या काही वर्षांतच दाखवून दिलं होतं. पुढच्या वीस वर्षांच्या देणगीदारांनी हा अनुभव फारसा वाचलेला दिसत नाही.

शाळांच्या बाबतीत त्याच काळात आशा उंच होत्या. दिल्लीच्या कालकाजीत एनआयआयटी या संगणक-प्रशिक्षण कंपनीच्या सुगत मित्रांनी १९९९ मध्ये भिंतीत संगणक बसवला आणि वस्तीतली मुलं तो आपसूक शिकली. मग अशी केंद्रं सिंधुदुर्गातही बसली. मुलं एकमेकांना शिकवतात, हे या प्रयोगातलं खरं आणि सुंदर निरीक्षण आहे. पण त्यातून ‘शिक्षक नसला तरी चालेल’ असा अर्थ काढणारे जास्त निघाले, आणि त्याने नुकसान झालं.

मग लॅपटॉपची पाळी आली. निकोलस नेग्रोपोंटे यांची ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ ही मोहीम २००५ पासून गाजू लागली. केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये तिला नकार दिला. तरीही २००७ मध्ये भारतातली पहिली चाचणी झाली ती रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैराट-धनगरवाडा इथल्या एकशिक्षकी शाळेत. ते हिरवे-पांढरे लॅपटॉप पहिलीपासूनच्या मुलांच्या हातात पडले. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या लोकांनी त्यात लक्ष घातलं, मुलं आनंदाने चित्रं काढू लागली, लिहू लागली. पण शंभर डॉलरचा म्हणून गाजलेला लॅपटॉप बाजारात येईपर्यंत जवळपास दुप्पट किमतीला पोचला होता, आणि राज्यभर तो गेला नाही. २०११ च्या ‘आकाश’ या केंद्र सरकारच्या स्वस्त टॅबलेटची कहाणी साधारण याच वळणाने गेली.

याच वर्षांत अझीम प्रेमजी फाउंडेशनने सरकारी शाळांत संगणकाच्या मदतीने शिकवण्याचा कार्यक्रम अनेक राज्यांत चालवला. मोठं काम होतं, पैसा होता, मराठीसह भारतीय भाषांतला मजकूरही होता. काही वर्षांनी त्यांनी तो कार्यक्रम आवरता घेतला आणि शिक्षकांच्या तयारीकडे मोर्चा वळवला. संगणकामुळे शिकण्यात अपेक्षेएवढा टिकाऊ फरक पडत नाही, हे त्यांनी जाहीरपणे मांडलं. देशातल्या सर्वांत मोठ्या देणगीदारांपैकी एकाने स्वतःच्या पैशाने काढलेला हा निष्कर्ष होता आणि तो सगळ्यांसमोर होता.

महाराष्ट्रात टिकलं ते वेगळ्याच प्रकारचं काम. २००१ मध्ये राज्य सरकार आणि विद्यापीठांच्या भागीदारीतून एमकेसीएल ही कंपनी निघाली आणि तिचा एमएस-सीआयटी हा संगणक-साक्षरतेचा कोर्स तालुक्या-तालुक्यात पोचला. तो फुकट नव्हता. केंद्र चालवणारा गावातलाच कुणीतरी तरुण किंवा तरुणी असायची आणि बंद पडलेला संगणक दुरुस्त करण्यात तिचं पोट अडकलेलं असायचं. सरकारी नोकरीसाठी प्रमाणपत्र लागतं म्हणून गर्दी झाली हे खरंच आहे, आणि ज्यांच्याकडे फी नव्हती ते बाहेर राहिले हेही. पण माउस पहिल्यांदा हातात धरलेल्या लाखो मराठी माणसांच्या आठवणीत हाच कोर्स आहे.

सीएसआरचा कायदा आला तो यानंतर. २००९ मध्ये केंद्राने ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वं काढली होती. २०१३ च्या कंपनी कायद्यातलं कलम १३५ १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातली एक जरी अट पूर्ण झाली तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. सुरुवातीला हिशेब सोपा होता: खर्च करा, नाही केलात तर कारण सांगा. पहिल्याच वर्षी, २०१४-१५ मध्ये, १० हजार कोटींहून थोडा जास्त खर्च झाला. कंपन्यांकडून सामाजिक कामाच्या दिशेने एवढा पैसा याआधी कधी आला नव्हता, आणि ते मी मनापासून चांगलंच मानते.

पण कायद्याच्या रचनेतून दोन गोष्टी घडल्या. कंपनीने जिथे कारखाना आहे त्या परिसराला प्राधान्य द्यावं, असं कलमातच आहे. कारखाने आहेत चाकण, तळेगाव, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरीत. मुख्यालयं मुंबईत. अक्कलकुवा, धडगाव, भामरागड, एटापल्लीच्या परिसरात कोण असणार? केंद्राने विकासात मागे म्हणून निवडलेले महाराष्ट्रातले चार ‘आकांक्षित’ जिल्हे म्हणजे नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि उस्मानाबाद (आता धाराशिव). त्यांची गरज सर्वांत जास्त, आणि परिसराच्या नियमाने त्यांच्याकडे आपोआप येणारा पैसा थोडा.

दुसरी गोष्ट हिशेबाची. खर्च आर्थिक वर्षात बसवायचा, मार्चअखेर अहवाल द्यायचा, संचालक मंडळाला फोटो दाखवायचा. यात बसतं काय? स्मार्ट टीव्ही, टॅब, प्रोजेक्टर, इंटरॅक्टिव्ह पॅनल. वस्तू विकत घेता येते, मोजता येते, तिच्यावर लोगो चिकटवता येतो. तंत्र समजणारा साहाय्यक पाच वर्षं शाळेत ठेवायचा खर्च तेवढ्या सहज बसत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत पॅनल बसतो तेव्हा त्याची किंमत लाखाच्या घरात असते. समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या निकषानुसार ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाचं संयुक्त शाळा अनुदान १०,००० रुपये मिळतं. त्यातच खडू, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता आणि विजेचं बिल. वाडीवस्तीवरची शाळा हा पॅनल कुठल्या पैशाने चालवणार?

विजेच्या बिलाचं दुखणं महाराष्ट्रातल्या शिक्षकांना वेगळं सांगायला नको. २०१४-१५ च्या सुमारास इथे डिजिटल शाळांची लाट आली. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्यासारख्या लहानशा पाड्यावरच्या शाळेत टॅबवर शिकणारी मुलं पाहायला राज्यभरातून शिक्षक जाऊ लागले. जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय आला आणि गावोगाव लोकवर्गणी सुरू झाली. ग्रामस्थांनी यात्रेचा खर्च वळवला, शिक्षकांनी स्वतःच्या पगारातून पैसे घातले. शंभर वर्षांपूर्वीची मूठभर धान्याची रीतच पुन्हा आली. पण शाळांना व्यावसायिक दराने बिलं येत राहिली, ती थकली, आणि कित्येक शाळांची वीज तोडली गेली. पडद्यावर धूळ बसली. यात शिक्षकाचा दोष नव्हता आणि यंत्राचाही नव्हता.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि दरी किती खोल आहे ते सगळ्यांना एकदम दिसलं. आकडे आधीपासून होते: राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीनुसार ग्रामीण भागातल्या फक्त ४.४ टक्के घरांत संगणक होता, आणि इंटरनेटची सोय सुमारे १५ टक्के घरांत. कोकणात रेंजसाठी मुलं डोंगरावर जाऊन बसली. पालघरच्या जव्हार-मोखाड्यात एका संस्थेच्या कार्यकर्त्यांनी लाउडस्पीकर फिरवून ‘बोलकी शाळा’ भरवली. जुलै २०२० पासून एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ ही मालिका सह्याद्री वाहिनीवर सुरू झाली, कारण स्मार्टफोनपेक्षा दूरदर्शन जास्त घरांत पोचत होतं. याच वर्षी कंपन्यांचा पैसा स्वाभाविकपणे आरोग्याकडे गेला. सीएसआरमधला आरोग्याचा वाटा शिक्षणापेक्षा मोठा झाला आणि शिक्षणावरची रक्कम आदल्या वर्षीपेक्षा घटली. ज्या वर्षी मुलांना सर्वांत जास्त गरज होती, नेमक्या त्याच वर्षी.

२०२१ च्या जानेवारीत कायद्यात जो बदल झाला, त्याची चर्चा शाळांपर्यंत फारशी गेली नाही. आता न खर्चलेली रक्कम कारण सांगून ठेवून घेता येत नाही, ती ठरलेल्या सरकारी निधीत भरावी लागते. पण ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर केलेल्या कामाचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत खर्च करता येतो. सीएसआरची सरासरी वार्षिक जबाबदारी १० कोटी किंवा जास्त असेल तर १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचं परिणाम-मूल्यमापन बाहेरच्या संस्थेकडून करून घ्यावं लागतं. म्हणजे वर्षात उरकायची सक्ती राहिलेली नाही. शाळा व्यवस्थापन समितीने आणि मुख्याध्यापकांनी हे माहीत करून घ्यायला हवं. वस्तू स्वीकारताना दुरुस्ती, इंटरनेट, वीज आणि शिक्षकांचं प्रशिक्षण यांची तीन वर्षांची तरतूद करारात मागता येते, आणि कंपनी ‘नियमात बसत नाही’ म्हणाली तर तसं उत्तर आता ग्राह्य नाही.

दरी मात्र दरम्यान सरकली आहे. असर या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीच्या २०२३ च्या फेरीत १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलामुलींपैकी जवळपास ९० टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन आढळला. तो वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी सुमारे ४४ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, आणि मुलींपैकी सुमारे २० टक्क्यांकडे. घरातला फोन भावाच्या हातात असतो तेव्हा मुलीसाठी शाळेतला संगणक हाच एकमेव उरतो, आणि तो संगणक कक्ष अनेकदा चोरीच्या भीतीने शाळा सुटायच्या आधीच कुलूपबंद होतो. तो संध्याकाळी दोन तास उघडा ठेवायला गावातल्याच एखाद्या शिकलेल्या मुलीला मानधन द्यावं लागेल. सीएसआरच्या यादीत शिक्षणाखाली हा खर्च आजही बसतो.