पशुविज्ञानाचे पायाभूत विषय आले कुठून?

पशुविज्ञान शिकायला आलेल्या विद्यार्थ्यापुढे पहिल्याच वर्षी विषयांची ठरलेली यादी येते. शरीररचना आणि शरीरक्रिया, पोषण, आनुवंशिकी आणि पैदास, प्रजनन, व्यवस्थापन, आणि अलीकडे पशुकल्याण. ही यादी इतकी अंगवळणी पडली आहे की ती कोणीतरी एकदा बसून आखली असेल असेच वाटते. प्रत्यक्षात एकेक विषय वेगळ्या काळात, वेगळ्या नडीपोटी आत आला, आणि कोण आधी आला याच्या खुणा अभ्यासक्रमावर अजून दिसतात.

या क्षेत्रातल्या अभ्यासकांची एक जुनी संघटना अमेरिकेत १९०८ साली सुरू झाली तेव्हा तिच्या नावात ‘पशुपोषण’ होते. पुढे तिथे ‘पशुउत्पादन’ आले आणि १९६१ साली ‘पशुविज्ञान’. तीन नावांत सगळी गोष्ट आली. आधी चारा-खुराकाचा हिशेब, मग त्यातून निघणारे दूध-मांस-लोकर, आणि शेवटी या सगळ्याला विज्ञान म्हणून मान. मराठीतही पशुपालन, पशुसंवर्धन आणि पशुविज्ञान हे तिन्ही शब्द एकाच दमात वापरले जातात, पण त्यांत फरक आहे. ‘पालन’ आणि ‘संवर्धन’ यांत जनावराची निगा आहे, ‘विज्ञान’ या शब्दात ती गृहीत धरावी लागते.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगता येईल. पशुवैद्यकाची पहिली शाळा १७६२ साली फ्रान्समधल्या लिऑं शहरात उघडली. गुरांच्या साथींनी युरोप बेजार होता आणि सैन्याला धडधाकट घोडे हवे होते. म्हणजे आजारी जनावराला शाळा मिळाली. निरोगी जनावर रोज किती खाईल, किती वाढेल, किती दूध देईल, याचा अभ्यास करणारी संस्था उभी राहायला आणखी जवळजवळ शंभर वर्षे गेली. १८५१ साली जर्मनीत लाइपझिगजवळच्या म्योकर्नला शेतीचे प्रयोगकेंद्र निघाले, १८६२ साली अमेरिकेत शेती महाविद्यालयांना जमिनी देणारा कायदा झाला, आणि १८८७ च्या दुसऱ्या कायद्याने त्या महाविद्यालयांना प्रयोगकेंद्रे जोडली गेली. पशुविज्ञानाचा आजचा साचा या दोन देशांत घडला.

आता मुख्य गुंत्याकडे येतो. तो आहे ‘क्रूड’, म्हणजे ढोबळ, या शब्दाचा.

१८६० च्या दशकात जर्मनीतल्या ग्योटिंगेनजवळच्या वेंडे येथील प्रयोगकेंद्रात खाद्याचे सहा भाग पाडण्याची पद्धत बसवली गेली: ओलावा, राख, ईथरमध्ये विरघळणारा स्निग्धांश, क्रूड प्रोटीन, क्रूड फायबर, आणि उरलेला ‘नत्रविरहित अर्क’. यातला शेवटचा भाग कोणी मोजतच नाही. बाकीचे पाच शंभरातून वजा केले की तो उरतो. साहजिकच आधीच्या पाचांतली प्रत्येक चूक त्याच्या खात्यावर जाते.

पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत क्रूड फायबर कसे काढतात ते आठवून पाहा. स्निग्धांश काढलेला वैरणीचा भुगा १.२५ टक्के गंधकाम्लात अर्धा तास उकळायचा, गाळायचा, धुवायचा. मग १.२५ टक्के कॉस्टिक सोड्यात पुन्हा अर्धा तास. उरलेला चोथा वाळवायचा, तोलायचा, जाळायचा, राख वजा करायची. एक अर्धा तास आम्लाचा, म्हणजे जठरासारखा. दुसरा अल्कलीचा, म्हणजे आतड्यासारखा. जे टिकले ते जनावरालाही पचणार नाही, अशी त्यामागची समजूत. रवंथ करणाऱ्या जनावराच्या बाबतीत ती पहिल्याच पायरीवर कोसळते, कारण त्याच्या कोटीपोटातले, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले, सूक्ष्मजीव सेल्युलोजचा (वनस्पतीच्या तंतूंतल्या मुख्य घटकाचा) बराचसा भाग पचवतात. शिवाय त्या उकळीत लिग्निन (वनस्पतीला कडकपणा देणारा, जवळजवळ न पचणारा पदार्थ) आणि हेमिसेल्युलोज या तंतूंतल्याच दुसऱ्या घटकांचा मोठा वाटा विरघळून निघून जातो आणि वजाबाकीच्या वाटेने ‘नत्रविरहित अर्का’त, म्हणजे सोप्या पिष्टमय पदार्थांच्या रांगेत, जाऊन बसतो. त्यामुळे काही वैरणींत ज्याला पचायला सोपे म्हटले तेच तंतूंपेक्षा कमी पचते.

क्रूड प्रोटीनची गत निराळी. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नत्र असते असे धरून नत्र मोजायचे आणि ६.२५ ने गुणायचे. नत्र मोजण्याची सोपी रीत १८८३ साली कोपनहेगनमधल्या एका बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून आली. तिथे धान्यातली प्रथिने जोखायची होती. पण त्या रीतीला नत्र कुठले हे कळत नाही. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणजे हिशेबाने त्याचे क्रूड प्रोटीन २८७ टक्के! रवंथ करणाऱ्या जनावरात या आकड्याला थोडा अर्थ आहे, कारण कोटीपोटातले जीव बेताच्या युरियापासून स्वतःची प्रथिने बनवतात. कोंबडीला आणि डुकराला तसे जमत नाही. २००८ साली चीनमध्ये दुधात पाणी घालून वर मेलामाइन हे प्लास्टिक-उद्योगातले रसायन टाकले गेले, कारण मेलामाइनमध्ये ६६ टक्के नत्र असते आणि चाचणी नत्रच मोजत होती. सुमारे तीन लाख अर्भके आजारी पडली, काही दगावली. ‘क्रूड’ हे विशेषण म्हणजे एक इशारा होता. रोजच्या बोलण्यात ते गळून पडले आणि आकडा तेवढा राहिला.

तंतूंचे दुखणे १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिलच्या प्रयोगशाळेने बऱ्यापैकी दूर केले. आम्ल-अल्कलीऐवजी डिटर्जंटमध्ये उकळून पेशीभित्तिका वेगळी काढायची, म्हणजे सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन तिघेही हाती राहतात. त्यालाही आता साठ वर्षे होत आली. तरी अनेक देशांत खाद्याच्या पोत्यावर आजही क्रूड फायबर कमाल इतके टक्के असेच छापतात. बाजू घेणारे म्हणतात की पद्धत स्वस्त आहे, जुन्या आकड्यांशी तुलना होते आणि कायद्यात तीच आहे. तिसरे कारण खरे वजनदार. पण शिकवताना एवढ्यावर भागू नये. क्रूड प्रोटीन ठेवावेच लागेल; क्रूड फायबर मात्र पहिल्या प्रयोगाच्या जागेवरून उठवून इतिहासाच्या तासाला न्यावे, असे माझे ठाम मत आहे.

वेंडे पद्धतीला पहिला मोठा धक्का बसला तो गोठ्यात. १९०७ ते १९११ या काळात अमेरिकेतल्या मॅडिसन येथे १६ कालवडींचे चार गट केले. एकाला फक्त मक्याचा आहार, एकाला गव्हाचा, एकाला ओटचा, चौथ्याला तिन्हींचे मिश्रण. कागदावर चारही आहार सारखेच होते. मक्यावरच्या कालवडी तकतकीत राहिल्या आणि त्यांची वासरे धट्टीकट्टी निघाली. गव्हावरच्या खंगल्या आणि त्यांची वासरे अशक्त, आंधळी किंवा मेलेली जन्मली. विश्लेषणाला न दिसणारे काहीतरी खाद्यात आहे हे त्यातून उघड झाले आणि शोध जीवनसत्त्वांकडे वळला. या प्रयोगाची कल्पना ज्या रसायनशास्त्रज्ञाच्या डोक्यातून निघाली, त्यानेच १८९० साली दुधातली फॅट मोजण्याची झटपट रीत काढली होती आणि तिचे पेटंट घेतले नव्हते. पोषण आणि दुग्धशास्त्र हे विषय एका छपराखाली राहिले त्याला असे दुवेही कारण आहेत.

पैदासशास्त्राचा रस्ता वेगळा. अठराव्या शतकात इंग्लंडच्या लेस्टरशायरमध्ये जवळच्या नात्यात मेंढ्यांची पैदास करून ठरावीक बांधा पक्का करण्यात आला. १८२२ साली शॉर्टहॉर्न गुरांची वंशावळ छापली गेली. महाविद्यालयांत मात्र अनेक दशके पैदास म्हणजे डोळ्याने जनावर पारखणे. १९०० सालापासून शिकागोच्या मोठ्या प्रदर्शनात विद्यार्थ्यांच्या पारख-स्पर्धा व्हायच्या, आणि त्यांत जिंकणे ही विभागाची शान असे.

डोळ्याच्या पारखीला तडा गेला तो १९४० आणि ५० च्या दशकांत. प्रदर्शनांत बुटके, आटोपशीर बांध्याचे हेरफर्ड या मांसाच्या जातीचे वळू पसंत केले जात. बांधा तसा होण्यामागे कित्येकदा खुजेपणाचा एक सुप्त जनुक असे. असे दोन वाहक एकत्र आले की चारांतले एक वासरू खुजे, धापा टाकणारे जन्मायचे. पारख करणाऱ्यांनी नकळत रोगच निवडला होता. तोवर आयोवातल्या एम्समधून संख्याशास्त्रावर उभी असलेली पैदासपद्धती शिकवली जात होती, अनेक गुणांचा मिळून एकच आकडा काढणारा निवड-निर्देशांक १९४३ साली मांडून झाला होता. या फजितीनंतर अभ्यासक्रमात आनुवंशिकीची जागा पक्की झाली. पुढे २००१ साली संपूर्ण जनुकसंचावरून निवड करण्याची कल्पना आली आणि २००९ पासून अमेरिकेत होल्स्टीन या दुधाळ जातीच्या वळूंचे अधिकृत मूल्यांकन तसे होऊ लागले.

प्रजननशास्त्र स्वतंत्र झाले ते कृत्रिम रेतनामुळे. डेन्मार्कमध्ये १९३६ साली शेतकऱ्यांची रेतन सहकारी संस्था निघाली. १९४९ साली लंडनमध्ये कोंबड्याचे शुक्राणू गोठवताना साखरेचे लेबल असलेल्या बाटलीतून चुकून ग्लिसरॉल वापरले गेले आणि शुक्राणू जिवंत राहिले. तिथून गोठित रेत जगभर गेले.

हे सगळे विषय बळकट होत असताना व्यवस्थापन आक्रसत गेले. जनावराजवळ कसे उभे राहायचे, कालवड कशी हाताळायची, गाय माजावर आली हे वागण्यावरून कसे ओळखायचे, हे तास कमी झाले. १९६१ च्या नावबदलाने ते घडवले नाही, पण त्या नावात ते दिसते. १९६५ साली ब्रिटनमध्ये बंदिस्त पालनावरचा चौकशी अहवाल आला, १९७९ मध्ये जनावराला भूक, वेदना, भीती अशांपासून मुक्ती हवी असे सांगणारी ‘पाच स्वातंत्र्ये’ मांडली गेली, १९८६ साली केंब्रिजमध्ये पशुकल्याणाचे जगातले पहिले प्राध्यापकपद निर्माण झाले. जुन्या ‘निगा’ या शब्दातले बरेच काही वर्तनशास्त्राच्या मोजमापांसह पुन्हा वर्गात आले.

सर्वांत नवा विषय पर्यावरणाचा. संयुक्त राष्ट्रांच्या एका संस्थेने २००६ साली मानवनिर्मित हरितगृह वायूंपैकी १८ टक्के पशुधनाच्या नावे लिहिले, २०१३ साली तो आकडा १४.५ वर आला, आणि वाद अजून चालू आहे. त्यातला मिथेन मात्र नवा नाही. १९०२ साली पेनसिल्व्हेनियात अख्खा बैल मावेल अशा बंद खोलीत त्याच्या श्वासातला वायू आणि अंगातली उष्णता मोजायला सुरुवात झाली, तेव्हा मिथेन नोंदला जात होता तो वाया गेलेली खाद्यातली ऊर्जा म्हणून. आज विद्यार्थी तोच आकडा दोन वेगळ्या पेपरांत, दोन वेगळ्या एककांत लिहितो.